इंदूताईंना पोहायचं होतं

मंडळी, सावरून बसा. मागं ऐकू येतंय ना? आज एकच गोष्ट विचारतो. एका छपराखाली राहिलं, एका तव्यावरची भाकरी खाल्ली, म्हणजे माणूस कळतं का हो? माना डोलवू नका! आधी ऐका!

सांगोल्यात प्रल्हाद नागणे नावाचे मास्तर. भूगोलाचे! उभा जन्म फळ्यावर नकाशे काढण्यात गेला. अंदमान तर असं काढायचे, खडूचे ठिपके टाकत, टक, टक, टक! पण स्वतः? पुण्याच्या पलीकडे गेले नाहीत! घरी आई अंथरुणाला खिळलेली. तिचं सगळं करायची त्यांची बायको, इंदूताई. सोडून जाणार कुठं?

मास्तर निवृत्त झाले तशी त्यांची बहीण विजया म्हणाली, "दादा, चार दिवस मी आईजवळ राहते. वहिनीला घेऊन अंदमान बघून ये."

चार दिवस! आणि जन्माची भूक! मास्तरांनी जमिनीवर नकाशा पसरला, कोपऱ्यांवर डाळीचे डबे ठेवले, आणि लागले! "उतरलो की सेल्युलर जेल. तिथून रॉस बेट. पहाटे उठून बाराटांग! तिथं चिखलाचा ज्वालामुखी आहे, इंदू! चिखलातून बुडबुडे येतात! पळत माघारी, बोट, नील बेट, होडीतून प्रवाळ, पुन्हा बोट..."

"आणि दम कधी खायचा?" इंदूताईंनी विचारलं.

"विमानात!"

हसताय? देवदर्शनाला तुम्ही तरी कसे जाता? एका दिवसात सात देवळं! देव म्हणत असेल, अरे, माझ्याकडे बघ तरी!

बरं. इंदूताई म्हणाल्या, "नील बेटावर समुद्र शांत असतो म्हणे. तिथं एक सकाळ मोकळी ठेवाल? मला पाण्यात उतरायचंय."

मास्तरांनी मानसुद्धा वर केली नाही. "तू काय करणार पाण्यात? घोट्यापर्यंत पाय भिजव, फोटो काढू. नाहीतर पुढची बोट चुकेल."

इंदूताई उठल्या. "तुम्ही जाऊन या. मी नाही येत."

मास्तरांचा हात नकाशावर तसाच राहिला! रागावल्या असत्या तर समजूत काढता आली असती हो. पण आवाज एकदम साधा. दूध नासलंय सांगावं, तसा!

"अगं, बुडशील म्हणून म्हटलं."

"बुडेन? मी? माहेरच्या विहिरीत काठावरून सूर मारायचे मी! पाठीला भोपळा बांधून माझ्या वडिलांनी शिकवलं. गावात कुणाची घागर बुडाली की मला हाक यायची. तळातून वर काढायचे!"

"कधी बोलली नाहीस!"

"तुम्ही कधी विचारलंत? सासरी आल्यावर सुनेला कोण पोहू देतंय? मीच म्हटलं, जाऊ दे. पण समुद्रापर्यंत जायचं आणि काठावरून परत यायचं... तेवढं नाही व्हायचं माझ्याच्यानं."

पाहा मंडळी! जगातली बेटं तोंडपाठ, आणि समोर बसलेलं माणूस ठाऊक नाही!

मास्तर त्या दिवशी धड जेवले नाहीत. सकाळ मोकळी ठेवायची तर काहीतरी सोडावं लागणार. जेल सोडवेना. बोटीच्या वेळा उलट्यासुलट्या जुळवून पाहिल्या. शेवटी सोडण्यासारखा उरला एकच, चिखलाचा ज्वालामुखी! वर्गात ज्याचा आवाज तोंडानं काढून दाखवायचे, बुडुक, बुडुक, तोच! सोपं आहे? मला चहा सोडा म्हणा, मी अभंग विसरेन!

पण सोडला. स्वयंपाकघराच्या दारात येऊन म्हणाले, "बाराटांग राहू दे. नील बेटावर मुक्काम करू."

"पण तुम्हाला तो बघायचा होता ना?"

"अजून बघायचाय. पण आधी तुला पोहताना बघू दे."

निघाले! जेल पाहिला. कोठडीच्या उंबऱ्यावर मास्तरांनी डोकं टेकलं. रॉस बेट झालं. आणि मग नील बेटाची ती सकाळ. हिरवंनिळं पाणी, खालची वाळू दिसतेय. इंदूताई लेकीचा पंजाबी ड्रेस घालून काठावर उभ्या. आणि पाय उचलेना! गुडघे दुखरे, मधे एवढी वर्षं गेलेली. "विसरले असेन हो मी," म्हणाल्या.

मास्तरांनी काय करावं? चपला काढल्या, विजार दुमडली, त्यांचा हात धरला आणि चालू लागले. ज्याला पोहता येत नाही तो, पोहणारीला पाण्यात नेतोय! पाणी कमरेला लागलं. मास्तर भीतीनं रामरक्षा म्हणू लागले!

आणि इंदूताईंनी हात सोडला. एक हात मारला, दुसरा मारला... गेल्या! थोडं पुढं जाऊन उताण्या झाल्या, आभाळाकडे तोंड करून तरंगत राहिल्या. मास्तर ओरडले, "इंदू, माघारी ये!" तिकडून हसू आलं. खळखळून! मास्तर मला स्वतः म्हणाले, "बुवा, एवढ्या संसारात ते हसू मी ऐकलं नव्हतं. वाटलं, या बाईशी आपली ओळख करून घ्यावी."

ज्वालामुखी राहिला तो राहिलाच. मास्तरांना त्याची हळहळ आहे, खोटं कशाला सांगू?

मंडळी, आपण म्हणतो समोरच्या माणसात देव आहे. मग त्या देवाला काय आवडतं, हे कधी विचारलं? आरती झाली की घरी जाल. ताटं वाढली जातील. तेव्हा वाढणाऱ्याला विचारा. बायांनो, जेवणाऱ्यालाही विचारा: तुला काय करावंसं वाटायचं रे? पहिलं उत्तर येईल, "काही नाही." तेवढ्यावर हात धुवून उठू नका. दुसरं उत्तर येईपर्यंत बसून राहा. तोवर ताट गार झालं, तर होऊ दे!