गांडुळाची नोंद

...नाही, तुम्हीच सांगा, गांडूळ कातडीनं श्वास घेतं, ह्याला मी काय करू? ते मी ठरवलंय का? सगळा जन्म शाळेत जीवशास्त्र शिकवण्यात गेला, आणि आत्ता कुठं ज्ञानकोशाच्या संपादकांनी आपणहून विचारलं, 'सर, गांडुळावर छोटीशी नोंद द्याल का? खाली तुमचं नाव येईल.' तुम्हाला सांगतो, नाव म्हटल्यावर मी असा हुरळलो, असा हुरळलो, की पहिलं अक्षर लिहायच्या आधी सगळ्या शिक्षकांना, शेजाऱ्यांना, आमच्या न्हाव्यालासुद्धा सांगून बसलो. न्हावी म्हणाला, 'गांडुळावर? बरं बरं.' ते सोडा.

तर मी एक जाडजूड ग्रंथ उघडला. त्यात वाक्य होतं, 'गांडूळ आपल्या ओलसर त्वचेद्वारे श्वसन करते.' आता चोरी करायची नाही एवढं मलाही कळतं हो, मुलांच्या उत्तरपत्रिकांतल्या असल्या चोऱ्या मी वासावरून पकडतो... म्हणून मी लिहिलं, 'गांडूळ स्वतःच्या दमट कातडीमार्फत श्वास घेते.' झालं की नाही वेगळं? एक तरी शब्द त्यांचा राहिला का? गांडूळ सोडून. त्याला काय झुरळ म्हणू?

आला संपादकांचा फोन. आवाज इतका मऊ, की आपल्याला काहीतरी मोठा आजार झालाय आणि हे बेताबेतानं सांगतायत असं वाटावं. 'सर... शब्द तुमचे आहेत हो... पण वाक्य त्यांचंच आहे. खुर्चीला नवा अभ्रा घातला म्हणून खुर्ची नवी होत नाही.' बरं बाबा. मी वाक्य फिरवलं, 'ओलसर त्वचा हे गांडुळाचे श्वसनाचे साधन होय.' पुन्हा फोन. 'सर... आता तीच खुर्ची उलटी ठेवलीत.' मग मी दोन तुकडे केले, वाक्याचे, गांडुळाचे नव्हे. 'गांडुळाची त्वचा ओलसर असते. तिच्याद्वारे ते श्वसन करते.' 'सर... आता खुर्ची मोडलीत.' अहो, पण गांडूळ कातडीनंच श्वास घेतं, ह्याला मी काय करू? तुमच्या सोयीसाठी त्यानं शेपटीनं घ्यावा का?

शेवटी ते म्हणाले, 'असं करा, ग्रंथ मिटून ठेवा. ज्याला गांडुळातलं काही कळत नाही अशा कुणाला तरी सगळं समजावून सांगा, आणि मग लिहा.' आता घरात असं कोण? बायकोनं हे ऐकलं आणि तिला तातडीचं बाहेरचं काम निघालं. राहिल्या सासूबाई. त्या विणत बसलेल्या. मी समोर बसलो, घसा खाकरला आणि सुटलो... त्वचा, आर्द्रता, प्राणवायू, केशवाहिन्या... आणि त्या आपल्या टाके मोजतायत, मधूनच 'हं', मधूनच 'बरं', मधूनच 'जावईबापू, पाय जरा उचला, लोकर अडकलीय'. माझा घसा बसला. विचारलं, 'काय समजलं?' तर सुया न थांबवता म्हणतात, 'त्याला नाक नाही ना? मग अंग ओलं ठेवल्यावाचून त्याचं भागायचं नाही. वाळलं की गुदमरलं. उन्हाला घाबरतं बिचारं ते काय उगाच?'

मी गारच पडलो. ग्रंथात श्वास एका पानावर, ऊन दुसऱ्याच पानावर, आणि ह्या बाईनं दोन्हीची गाठ मारून दिली! मी मुकाट्यानं तेच लिहून पाठवलं. लगेच फोन. 'सर, सुंदर. हे कसं सुचलं?' आणि तुम्हाला सांगतो, खोटं बोलायची सवय नसली की माणूस असा मरतो. मी म्हणालो, 'सासूबाई म्हणाल्या.' पलीकडचा आवाज आणखीच मऊ झाला. मग, 'सर... म्हणजे हेही तुमचं नाही? त्यांना द्या जरा.'

मी मुकाट फोन दिला. 'आजी, जावयांनी जे सांगितलं त्यातलं काही जसंच्या तसं तर घेतलं नाहीत ना?' 'छे हो,' सासूबाई म्हणाल्या, 'ते बोलायला लागले की मी ऐकतेच कुठं? नाक नाही एवढं कानावर पडलं, पुढचं माझं मी लावलं.' तुम्हाला सांगतो, तो मऊ आवाज आनंदानं फुटला. 'आजी, अहो, आम्हाला नेमकं हेच हवं असतं!'

नोंद छापून आली. खाली सासूबाईंचं नाव, ठळक. मला वाईट वाटलं, खोटं कशाला सांगू, फार वाईट वाटलं. पण गांडूळ कातडीनं श्वास घेतं, ह्याला मी काय करू? आता त्यांच्याकडे बेडकाचं काम आलंय. रोज जेवणं आटोपली की विणकाम हातात घेतात, मला समोर बसवतात आणि म्हणतात, 'हं, जावईबापू, बोला. मी ऐकत नाही.'