कुलूपवाला कुठं गेला

मुलगी: हे शेवटचं प्रकरण वाचते, मग माझ्याकडे निघायचं. टॅक्सी सांगितलीये.

बाबा: यायचं मी कबूल केलेलं नाही. तू वाच. बाई कुलूपवाल्याच्या दारात उभी आहे. तुझ्या आईनं वाचत वाचत तिथवर आणलं, आणि दुसऱ्या दिवशी दवाखान्यात गेली ती गेलीच.

मुलगी: कोण कुलूपवाला?

बाबा: अगं, पुस्तकातला! त्याला दिसेनासं झालंय. एवढी गर्विष्ठ बाई स्वतः म्हणते, माझ्याकडे राहायला चल. हा म्हणतो, माझी कानस मला पुरे.

मुलगी: बाबा, यात कुलूपवाला नाहीये. बाई जिना उतरते ती बहिणीची माफी मागायला.

बाबा: नीट बघ. तुझं इंग्रजी तुझ्या आईएवढं कुठलं!

मुलगी: टोमणे नकोत. हीच कादंबरी मी कॉलेजात शिकवते.

बाबा: मग आधीच्या पुस्तकातला नावाडी? सरदारापुढं टोपी न काढणारा?

मुलगी: नाही.

बाबा: ती 'मी कोण बापडी' म्हणत घर बळकावणारी आत्या?

मुलगी: ती आहे. या इंग्रजी लेखकांना खोट्या नम्रतेची भारी चीड. आणि खरा गर्विष्ठ माणूस शेवटी वाकतो, वाकल्यावरच मोठा दिसतो. आईचा आवडता विषय.

बाबा: आणि घड्याळजी? कुणी 'छान केलंत' म्हटलं की घसा खाकरून पाठ फिरवणारा?

मुलगी: तो पुस्तकात नाही बाबा. या घरात आहे.

(किल्ली घासणारी बाबांच्या हातातली कानस थांबते.)

बाबा: मी इथं किल्ल्या घासायचो, ती समोर बसून मराठीत सांगत जायची. आणि त्या माणसाला मी शिव्या घालायचो गं! 'कसला एवढा ताठा मेल्याला!' ती पुस्तकाआड तोंड लपवून हसायची.

मुलगी: हसणारच.

बाबा: केवढाले सरदार, केवढाले वाडे. मी मागच्या दारानं कुलूप बसवायला जाणारा. तिनं मला प्रत्येक वाड्यात नेऊन बसवलं. एकही सोडला नाही.

मुलगी: आणि कुठंही वाकू दिलं नाही.

बाबा: या वेळी वाकवणार होती. उगाच नाही बाईला दारात आणलं.

मुलगी: तुमच्या डोळ्यांचं तिला माहीत होतं?

बाबा: मी बोललो नव्हतो. किल्ल्या लागेनात, गिऱ्हाइकं परत यायला लागली. ती बघत असणार.

मुलगी: खाली हॉर्न वाजतोय.

बाबा: ऐकू येतं मला.

मुलगी: बाई अजून दारात उभी आहे, बाबा. पुढचं छापलेलं नाही. तुम्हीच सांगा. दार उघडतो का तो?

बाबा: आधी घसा खाकरतो.

मुलगी: ते माहीतच आहे. मग?

बाबा: मग उघडतो. म्हणतो, पायरी दिसत नाही गं. हात दे.