बोल्ट बसेना

मी मूळची इचलकरंजीची. वडिलांचं लेथचं वर्कशॉप घराला लागूनच, त्यामुळे शाळा नववीत सुटली तरी मायक्रोमीटर वाचायला मला कुणी शिकवावं लागलं नाही, आणि लग्न होऊन बर्मिंगहॅमला आले तर नवराही टूलमेकर, म्हणजे माप काही सुटलं नाही. ह्यांना रायफल क्लबचा नाद. बाकीच्यांचे नवरे टीव्हीवर क्रिकेट बघायचे, आमचे हे रविवारी सहाशे यार्डांवरच्या कागदाला भोकं पाडायला जायचे.

काडतुसं घरीच भरायची. मी म्हटलं, अहो, मला द्या, तुमचे हात धसमुसळे. माझंही लायसन्स काढलं. काय सांगू तुम्हाला, तीस वर्षं भरली मी, पावडरचा दाणा न दाणा तोलून. बार उडाला की काडतुसाचं पितळ फुगतं आणि त्याच रायफलच्या चेंबरचा, म्हणजे काडतूस बसतं त्या पोकळीचा, आकार घेतं, म्हणून पुन्हा भरताना मी नुसती त्याची गोळी धरणारी मान आवळायची, अंगाला हात लावायचा नाही. त्या रायफलीत ते असं बसायचं की विचारू नका. क्लबातले ह्यांना म्हणायचे, नेम तुझा कुठला, बायकोचा. हे हसायचे.

तर गेल्या एप्रिलमध्ये मोसमातली पहिली मॅच. हे आडवे पडले, काडतूस घातलं आणि ते आत ढकलून बंद करायचा बोल्ट बसेना. दुसरं घातलं, तेही तसंच. सगळ्यांसमोर मला म्हणाले, तू मापलं नाहीस? इतक्या वर्षांत असं कधी बोलले नव्हते. तेवढ्यात सेक्रेटरी रॉजर म्हणाला, नव्या बॅरलला जुनं पितळ कसं चालेल? मी म्हटलं, कुठली नवी बॅरल? तर रायफलची नळी हिवाळ्यात ह्यांनीच गनस्मिथकडून बदलून आणलेली, नवं चेंबर इंचाच्या एकदोन हजारांशाने घट्ट, आणि मला सांगितलंच नव्हतं. मी ह्यांच्याकडे पाहिलं. हे रॉजरला विचारत होते, कुठली बॅरल?

मी पटकन म्हटलं, चूक माझी, मीच विसरले. रॉजरने मान हलवली, पण माझ्याकडे बघितलं नाही.

आठ दिवस झाकलं मी. झाकलं असतं अजूनही, पण रायफलच्या कपाटाची किल्ली, जी हे गळ्यात घालून झोपायचे, ती मला पोळपाटाखाली सापडली, आणि कपाट सताड उघडं. घरात पावडर. मग मीच डॉक्टरांना फोन केला. त्यांनी कळवल्यावर पोलिसांकडून एक बाई आली, सभ्य होती, सगळं घेऊन गेली. हे दारात उभे. म्हणाले, कुसुम, तू केलंस हे? मी हो म्हटलं. दुसरं काय म्हणणार.

आता रोज सकाळी विचारतात, रायफल कुठाय, आणि मी रोज सांगते, आणि ते रोज पहिल्यांदाच ऐकल्यासारखे चिडतात. लेक म्हणते, आई, खोटं सांग ना काहीतरी. नाही सांगवत हो. आणि चिडतात तेव्हा कुसुम म्हणून चिडतात, नावानिशी. तेवढं राहू दे देवा, एवढंच मागते.