योगराजचा गुडघा

गोंदियाच्या दवाखान्यात एक्स-रेच्या रांगेत अल्काच्या पुढेच कबड्डीचा रेडर योगराज भिंतीला धरून उभा होता. चौकाचौकात लागलेल्या पोस्टरांमुळे तिनं त्याला पाहताच ओळखलं. बोलायला ती पुढे सरकली, तेवढ्यात त्याच्याच गावचा एक काका आडवा आला.

"फायनलच्या दिवशी इथं काऊन रे, योगराज?"

"गुडघा सुजला, काका. पाय टेकवत नाई."

"गावात तर बोलून राहिले, का तू समोरच्या टीमले सामील झाला."

"कोण बोलते?"

"सगडेच. पोट्टे तुह्या घरासमोर जमून राहिले."

"मी खेळत नाई म्हणून मंडळाले चार दिवस आधीच सांगतलो. तरी माह्या नावाचे पोस्टर लावले."

"घरी कोण हाय?"

"आई एकटीच. फोन उचलून नाई राहिली."

"मंग असं कर, चालून दाखव. मी व्हिडिओ काढतो अन् गावच्या ग्रुपवर टाकतो. पटंल लोकायले."

योगराजनं भिंत सोडली आणि दात आवळून चार पावलं टाकली.

"बरा तर चालून राहिला."

"लय दुखते, काका."

"पण दिसत नाई ना. पुन्यांदा ये, अन् जरासा जास्त लंगड."

योगराज भिंतीपाशी परत गेला, आणि या खेपेला पाय फरफटत आला.