कॉलरचं बटण

दवाखान्यात नंबराची वाट पाहत मास्तरीणबाई पुस्तकात डोकं घालून बसल्या होत्या, पण कान मागच्या बाकाकडे होते. तिथे शिंप्याची बायको नवऱ्यावर तडकली होती.

"सुईच्या तपासणीत नक्की कळेना, म्हणून आता मानेतली अख्खी गाठच काढून तपासणार. लिम्फोमा, म्हणजे गाठींचा कॅन्सर आहे का, ते बघायला."

"अगं, दुखत नव्हती ना ती."

"म्हणून सहा महिने मिरवलीत! कॉलर सैल करायला बटण दोनदा सरकवलंत, पँटची कंबर दोनदा आवळलीत. काल इस्त्री करताना दिसले मला जुने टाके. गिऱ्हाइकाचं पोट बोटभर सुटलं तरी दारातून ओळखता, आणि स्वतःचं काहीच कळलं नाही?"

"कळलं होतं."

"मग?"

"म्हणून तर तू घरात नसताना उसवत बसायचो."