फुग्यातलं अक्षर

नाही, पण मला एक सांगा, माणसाची चप्पल काचेच्या पेटीत ठेवतात? ठेवली होती हो! संग्रहालय कुणाचं, तर पोरांसाठी गेंडोबाची व्यंगचित्रं काढणाऱ्या आमच्या साहेबांचं, आणि पेटीत त्यांची चप्पल, चष्मा, चहाचा कप... कप तर कानतुटका, तो कानही मीच तोडलेला. मी बोललो काही? नाही बोललो.

तुम्हाला सांगतो, एकतीस वर्षं चित्र साहेबांचं, पण गेंडोबाच्या तोंडून जो फुगा निघतो ना, त्यातलं अक्षर कुणाचं? माझं! चित्र माझ्या हातात पडणार चारला, छपाईला जाणार पाचला, आणि साहेब डोक्यावर उभे, 'आटपा हो, आटपा!' त्या घाईत एकदा 'थांबा'वरचा अनुस्वारच खाल्ला मी. छापून आलं, 'थाबा!' साहेबांनी असं झापलं मला... आणि आठवड्याभरात गावभर पोरं एकमेकांना 'थाबा! थाबा!' आता तेच भिंतभर लिहिलंय, आणि माहिती देणारी मुलगी अगदी साखर पेरत, 'बालमित्रांनो, हा शब्द साहेबांना स्वप्नात सुचला बरं का!' स्वप्नात! मी बोललो काही? नाही बोललो.

पण नातीला घरूनच सांगून आणलेलं ना, की बाई, तिथं तुझ्या आजोबांचं अक्षर आहे! ती आपली प्रत्येक पाटी वाकून वाचतेय, 'आजोबा, तुमचं नाव कुठाय?' म्हटलं, पुढच्या दालनात असेल. पुढच्या दालनात स्वच्छतागृह!

शेवटी स्पर्धा, 'साहेबांसारखं अक्षर काढा'. म्हटलं, देव पावला, आता दाखवूनच देतो. बसलो त्या टीचभर खुर्चीत, गुडघे हनुवटीला, आणि काढलं, 'थाबा!' हात जरा थरथरतो हल्ली... पण अक्षर तेच हो, तेच! मुलीनं कागद भिंतीशी धरला, मान वाकडी केली, 'छान प्रयत्न, आजोबा! पण साहेबांचा झोक नाही आला.' उत्तेजनार्थ! पहिली कोण? माझी नात. तिला अक्षर कुणी शिकवलं, ते विचारू नका.

तेव्हा मात्र बोललो. चांगलं ठणकावून सांगितलं, भिंतीवरचं अक्षर माझं आहे म्हणून. मुलगी हसली, आणि तिनं मला टोपी घातली. खरोखरची, गेंडोबाची, शिंगवाली.

परतताना बसमध्ये नात माझ्या टोपीचं शिंग चाचपत बसलेली. मग माझा हात धरून कानाशी म्हणते, 'आजोबा, तुम्ही खोटं बोललात ते मी आईला नाही सांगणार.'

आता हिच्यावर रागवायचं तरी कसं? म्हटलं, नको सांगूस बाई.