धूर बघून वाजलेल्या टाळ्या

जमलेल्या माझ्या भावांनो, बायांनो, आणि स्टेजवर बसलेले आबासाहेब,

बोलणाऱ्यांत माझं नाव नव्हतं. हा माइक मी मागून घेतलाय. मघाशी आभार मानून सभा संपवायच्या तयारीत व्हता तुमी. जरा थांबा. बसा, आबासाहेब, तुमीबी बसा.

मी विलासची थोरली बहीण. मला समदी अक्का म्हणतात. ह्याच गावची लेक. बारामतीला बालवाडीत दुसऱ्याची पोरं सांभाळण्यात माझा जन्म गेला. तितं माझी भाषा जरा सुधारली म्हणतात, पण राग आला की ती परत गावाकडं पळते. आज पळणार. माहेरवाशीण बोलली तर गावानं ऐकून घ्यायचं असतं. तेवढं घ्या.

पाठच्या भावाच्या फोटोसमोर उभं राहून काय बोलायचं असतं, मला ठाव न्हाय. ह्याला मी कडेवर घेऊन हिंडवलंय. ह्यानं माझ्या फोटोला हार घालायचा, असा नेम असतो. तो उलटा झाला. सकाळपासनं माझ्या तोंडातनं शब्द फुटत नव्हता. मग माझ्या आधी चौघंजण बोलले, आणि फुटला.

काय म्हणाले चौघं? विलास मोठा कलावंत व्हता. विलास गावाचं भूषण व्हता. व्हय? कवापासनं? तो जिता व्हता तवा त्याला काय म्हणत व्हता तुमी? 'झुकझुकवाला' म्हणत व्हता. "काय विलासराव, मोटार भरून झाली, का अजून खेळणंच चाललंय?" हे ह्या मंडपातल्याच माणसांनी विचारलेलं हाय. मी दुकानात बसलेली असताना विचारलेलं हाय. तो हसायचा. तो हसायचा, म्हणून तुमाला वाटलं त्याला लागत न्हाय.

ज्यांना ठाव न्हाय त्यांच्यासाठी सांगते. इंदापूरकडनं पाहुणे आलेत, सोमेश्वरनगरचे आलेत. विलासचं स्टँडजवळ दुकान. विहिरीवरच्या जळलेल्या मोटारी नवी तार गुंडाळून भरून द्यायचा. पोटाचा धंदा तो. आणि जिवाचा धंदा, डिझेल इंजिनं. रेल्वेची. हातभर लांबीची. तेलाच्या डब्याचा पत्रा कापून, चाकं बारामतीच्या लेथवर करून आणून, आत स्वतः भरलेली बोटभर मोटार घालून. अंगणात लोखंडी पट्टीचे रूळ टाकलेले. ट्रॅक्टरच्या बॅटरीवर ते इंजिन अंगणभर फिरायचं. तुळशीला वळसा घालताना इतकं हळू व्हायचं, की वाटायचं आत खरंच कुणी ड्रायव्हर बसलाय.

आणि कुठलंतरी इंजिन न्हाय करायचा तो. भिगवणच्या स्टेशनात जाऊन बसायचा. एक इंजिन मनात धरायचा आणि तेच करायचा. नंबर तोच, रंग तोच. एकदा एवढं देखणं इंजिन केलं आणि पुढच्या बाजूला हातोडीनं ठोकून पोचा पाडला. मी ओरडले, "अरं, चांगल्या कामाची नासाडी का करतोस?" तर म्हणाला, "अक्का, भिगवणला जे उभं व्हतं त्याला पोचा हाय. मी न्हाय पाडला तर हे दुसरंच कुठलंतरी हुईल." भिगवणच्या दुसऱ्या एका इंजिनाला कुणी घाईत भलत्याच छटेचा रंग फासलेला. ती भलती छटा मिळवायला ह्यानं दोन दिवस रंग कालवले. सुशीला, माझी भावजय, तिच्या चांगल्या वाट्या त्यात गेल्या. ती बोलली न्हाय. मी बोलले.

आता त्या दिवसाचं बोलते.

काही वर्षांमागं आबासाहेबांच्या संस्थेचं नवं सभागृह झालं. त्यांनी निरोप धाडला, उद्घाटनाला विलासचं इंजिन चालवायचं. विलासला केवढा आनंद! दोन दिवाळ्या त्या इंजिनावर घालवलेल्या. त्याच्या सगळ्या कामातलं ते थोरलं काम. संस्थेची माणसं आली, म्हणाली, ह्याच्यावर संस्थेचा रंग मार, बाजूला आबांचं नाव लिही. तेवढं त्यानं ऐकलं न्हाय. बाकी सगळं ऐकलं. टेबलावर रूळ मांडले, सकाळपासनं दहा येळा पुसले. इस्त्रीचा सदरा घातला. मी समोरच्या रांगेत व्हते.

आबासाहेब आले. कुणीतरी म्हणालं, नवीन मशीन हाय, नारळ फुटायलाच हवा. बरोबर हाय. आपल्यात ट्रॅक्टर आणला तरी नारळ फोडतो, पिठाची गिरणी टाकली तरी फोडतो. विलासनं खाली दगड ठेवला व्हता त्यासाठी. म्हणाला, "आबा, हितं फोडा, दगडावर." आबा हसले. म्हणाले, "अरं, इंजिनाचा मान इंजिनालाच." आणि हाणला नारळ इंजिनाच्या टपावर.

तेलाच्या डब्याचा पत्रा तो. बसला आत. नारळाचं पाणी सगळं मोटारीत. विलास म्हणत व्हता, "थांबा, चालू करू नका, थांबा." बँडात कुणाला ऐकू जाणार? कुणीतरी बटण दाबलं. इंजिन जागचं हाललं न्हाय. आतनं धूर निघाला.

आणि तुमी टाळ्या वाजवल्या.

वाजवल्या का न्हाय? "धूर निघाला! हुबेहूब! खऱ्या डिझेलवानी!" शिट्ट्या मारल्या तुमी. मोटार जळत व्हती, आणि जळलेल्या मोटारी भरण्यात ज्याचं आयुष्य गेलं तो माणूस तितं उभा राहून तो वास घेत व्हता. तुमाला वासबी आला न्हाय? गावात एक घर न्हाय ज्याची मोटार जळलेली न्हाय. तो वास तुमाला ओळखू आला न्हाय?

आणि मग त्याचा सत्कार केला. काय दिलं? शाल दिली. आणि वर नारळ दिला.

हसू नका. मला हसू आलं न्हाय.

ते इंजिन त्यानं घरी नेलं, माळ्यावर ठेवलं. तालुक्याच्या मोटारी भरल्या, ती बोटभर मोटार भरली न्हाय. भिगवणला जायचा बंद झाला. रूळ उचलून ठेवले. मी किती येळा म्हणलं, "विलास, नीट कर की रं." तर म्हणाला, "कुणासाठी, अक्का? त्यांना जळालेलं आवडलंय."

त्यापायी तो मेला असं मी म्हणत न्हाय. डॉक्टर म्हणाले हृदय, तर हृदय. पण तो त्या दिवसापासनं माझ्याशीसुद्धा अर्धाच बोलायचा, हे मी म्हणते.

आणि आज ह्या स्टेजवरनं काय जाहीर झालं? ते इंजिन सभागृहात काचेच्या पेटीत ठेवणार. खाली पाटी, आबासाहेबांच्या शुभहस्ते उद्घाटन झालेलं. आणि तुमी शोकसभेत टाळ्या वाजवल्या. पुन्हा! माइकवरनं सुशीलेला विचारलं, "वहिनी, चालंल ना?" तिनं मान हलवली. मी तिच्या शेजारी बसले व्हते. ती हळूच म्हणाली, "वन्सं, एवढ्या माणसांत न्हाय कसं म्हणू?"

तिला जमलं न्हाय. मला जमतंय. न्हाय. इंजिन मिळणार न्हाय. पाटी नको, पेटी नको, तुमचं भूषण तुमच्यापाशी ठेवा.

आबासाहेब, तुमी वाईट माणूस हाय असं मी म्हणत न्हाय. तुमच्या हातनं चूक झाली. कुणाच्या हातनं व्हत न्हाय? पण इतक्या वर्षांत तुमी एकदासुद्धा त्याच्या दुकानाची पायरी चढून म्हणाला न्हाईत, "विलास, माझ्या हातनं मोडलं रं." एवढंच म्हणायचं व्हतं. तो लगेच चहा सांगणार व्हता तुमाला. तसलाच व्हता तो.

आता त्याला ऐकू जाणार न्हाय. सुशीलेला जाईल. ज्यांनी टाळ्या वाजवल्या त्यांनाबी जाईल.

शोकसभेला दोन मिनिटं शांतता पाळतात. आपण पाळू. सगळे उठा. बायांनो, तुमीबी उठा. फक्त ह्या येळेला घड्याळ बघायचं न्हाय कुणी. माइक मी आबासाहेबांच्या समोर ठेवते. ते बोलंपर्यंत आपण गप उभं राहायचं.